लिंबाच्या चौकातली आखाजी

नवलने नुसती गाडी पाठवली असती तरी चाललं असतं. पण तो स्वतः असोद्याला गेला, तोही आखाजीच्या आदल्या दिवशी, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर माहेरचा माणूस गाडी घेऊन बहिणीच्या, आत्याच्या दारात उभा राहिला, की त्याला 'का आलास' असं कोणी विचारत नाही. तो मुराळी असतो. न्यायलाच आलेला असतो. नवलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोक्यात तेव्हा महापालिकेच्या निवडणुकीचं तिकीट, दुसऱ्या दिवशी येणारे पक्षाचे पाहुणे आणि लिंबाच्या चौकातलं स्टेज एवढंच होतं.

नवलच्या आत्या भागाबाई ओट्यावर बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. गाडीतून उतरलेला माणूस त्यांनी डोळ्यांवर हात धरून न्याहाळला.

"नवल? तू उना?"

"तुले लेवाले उनू, अक्का."

सूप मांडीवरून खाली ठेवायलाही त्यांना दोन क्षण लागले. अकरा वर्षांत या ओट्यासमोर धुळ्याची गाडी थांबली नव्हती.

"नानानी धाडं का तुले?"

नाना म्हणजे नवलचा बाप चुडामण, भागाबाईंचा धाकटा भाऊ. आता इथे नवलने खरं सांगायला हवं होतं. नानांनी धाडलं नाही, नानांना पत्ताही नाही. रूपाचा कार्यक्रम आहे, तुझी गाणी हवी आहेत, उद्या दुपारी परत आणून सोडतो. चार वाक्यं होती. पण समोर बहात्तर वर्षांची म्हातारी, तिचे डोळे असे लकाकलेले, आणि शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या. नवलने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"चाल ना अक्का, तठे बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

ते खोटंही नव्हतं. गाणाऱ्या पोरी वाट पाहत होत्या, साउंडवाला वाट पाहत होता. भागाबाईंनी त्याचा अर्थ माहेर असा घेतला, त्यात त्यांचं काय चुकलं?

त्या आत गेल्या आणि पाऊण तासाने बाहेर आल्या. हातात चार दिवसांच्या कपड्यांची पिशवी, बीपीच्या गोळ्या, भावासाठी केलेल्या कुरडयांचा डबा. कुंपणाशी उभ्या असलेल्या शेजारणीला त्यांनी मोठ्याने सांगितलं, "मना भाऊनी गाडी धाडी व माय! चार रोज मांजरले दूध टाकजो." पिशवी डिकीत ठेवताना नवलला घाम फुटला. पण त्याने स्वतःची समजूत घातली, की धुळ्याला पोचल्यावर रूपा बघून घेईल. अवघड काम बहिणीवर ढकलायची सवय या घरातल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, नवल काही वेगळा निपजला नव्हता.

पारोळ्याला भागाबाईंनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला डांगरांचा, म्हणजे खरबुजांचा ढीग होता. चार डांगरं हुंगून त्यांनी एक निवडलं.

"बाबानी घागरवर ठेवाले. अकरा साल व्हयनात, बाबाले मना हातनं डांगर नही भेटनं."

आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. भागाबाईंच्या आणि चुडामणच्या बापाची घागर धुळ्याच्या घरात भरली जायची. नवलने गाडीतल्या गाण्यांचा आवाज मोठा केला.

*

रूपा देवपुरात भाड्याच्या खोलीत राहायची. बापाचं घर तीन किलोमीटरवर, पण ती तिथे दिवाळीला जेवायला जायची आणि ताट धुऊन परत यायची. नवलने अक्कांना तिच्या दारात उतरवलं आणि जिन्यातच कुजबुजला, "आज घरी पाहुणे आहेत म्हणून सांगितलंय मी. उद्या चौकातच आण तिला."

रूपाने आधी पिशवी पाहिली, मग डांगर.

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, काहीही कर पण अक्का आली पाहिजे?"

"मी तिला कार्यक्रमाला बोलवायला सांगितलं होतं. मुराळी होऊन जायला नाही!"

"मग तू जायचंस," नवल म्हणाला. "तुझ्यामुळेच तर तुटलंय सगळं."

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. अकरा वर्षांपूर्वी पहूरचं सासर सोडून रूपा निघाली तेव्हा बापाने दार उघडलं नव्हतं. 'दिलेली पोर परत घेत नसतात,' असं तो खिडकीतून म्हणाला होता. ती तशीच असोद्याला आत्याकडे गेली. अक्कांनी तिला ठेवून घेतलं, शिकवलं, आणि त्याच वर्षी नात्यातल्या एका भरल्या लग्नमांडवात भावाला सुनावलं, "तू बाप नही, दुकानदार शे. इकेल माल परत लेत नही." चारचौघांत ऐकलेलं ते वाक्य चुडामण गिळू शकला नाही. पुढे पोरगी कमावती झाली, एका सामाजिक संस्थेत लागली, धुळ्यात आली, तेव्हा तिला अर्धीमुर्धी माफी मिळाली. जिने तिला जगवलं तिला मात्र नाही. रूपाला याची लाज वाटायची, आणि लाज वाटूनही ती दिवाळीचं ताट वाढून घ्यायची.

'मोकळा चौक' ही तिचीच कल्पना. दर रविवारी सकाळी सात ते बारा लिंबाच्या चौकात गाड्या बंद, आणि सगळं फुकट. कागद-रंग फुकट, कॅरम फुकट, लगोरी फुकट, रस्त्यावर खडूने आखलेली सापशिडी फुकट, जो वाजवेल त्याला ढोलकी फुकट. पहिल्या रविवारी लोक लांबूनच पाहत होते, 'यात यांचा काय फायदा' म्हणून. चौथ्या रविवारी चालायला जागा नव्हती. यंदा आखाजीही रविवारीच आली. लिंबाला झोका बांधायचा, आखाजीची गाणी म्हणायची, आणि ती म्हणायला अक्काच.

लिंब नानांच्या दारासमोर होता, हे मात्र संस्थेच्या कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं. बहीण दारासमोर झोक्यावर गातेय म्हटल्यावर नाना किती वेळ आत बसतील, असा रूपाचा हिशेब होता. माणूस गाण्याने विरघळतो असं तिला वाटायचं. दुसऱ्यांच्या घरांबाबत तिचा हा अंदाज कधी चुकला नव्हता.

"उद्या सकायले पयले घर जासूत ना?" अक्कांनी विचारलं. त्या रूपाच्या खाटेवर बसून पाय चोळत होत्या. "घागर भराना पयले पोचाले पायजे."

"चौकातच घर आहे ना अक्का," रूपा म्हणाली. "तिकडेच जायचंय."

सांगायची वेळ होती ती तेव्हाच. रूपाने दिवा मालवला.

*

चुडामणने बॅनर वाचला होता. चौकात लावलेला बॅनर दुकानदार वाचणार नाही तर कोण? वरती 'नवलभाऊ मित्रमंडळ सहर्ष सादर करीत आहे', हातभर नवलचा फोटो, आणि खाली, अगदी खाली, 'आखाजीची गाणी : श्रीमती भागाबाई, असोदा'. संस्थेचं नाव कुठे होतं ते शोधावं लागत होतं. ते पाहून त्याला हसू आलं. पोरगी चौक झाडते आणि पोरगा त्यात फोटो लावतो.

उजाडायच्या सुमारास तो खाली उतरला. घराच्या खालीच त्याचं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान, आणि समोर झोका. नवलच्या मंडळाच्या पोरांनी दुकानातला नायलॉनचा दोर नेऊन बांधला होता, तोही साध्या गाठीने. चुडामणने एकदा ओढून पाहिला. हाताला घसरत होता. चाळीस वर्षं ज्याने दोर विकला त्याला हे पाहवेना. त्याने शटर अर्धं वर केलं, जाड सुती दोर काढला, शिडी लावली आणि अडुसष्टाव्या वर्षी लिंबावर चढला. फांदीला आधी पोत्याचं फडकं गुंडाळलं, त्यावर दुहेरी फेरा, आणि बापाने शिकवलेली उलटी गाठ.

उतरला तेव्हा पायरीवर भिकुबाई उभी होती.

"कोनासाठे इतलं?" बायकोने विचारलं.

"पोरी बसतीन. पडी मरतीन."

"पोरी बसतीन का तुमनी बहीन?"

त्याने दोर पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"मी सांगी ठेवस," भिकुबाई म्हणाली, "ती दारमा उनी तरी मी दार उघडनार नही. माले मांडवमा काय काय बोलनी ती, माले याद शे."

खरं तर मांडवात भागाबाई तिला काहीच बोलल्या नव्हत्या. पण नवऱ्याचा अपमान तिने अकरा वर्षं स्वतःच्या नावावर वागवला होता आणि आता तो तिचाच झाला होता. चुडामणला वाटलं, सांगावं हिला, की दार उघड, आखाजी आहे. त्याने शिडी मिटवली आणि दुकानात नेऊन ठेवली.

*

नऊ वाजता चौक फुलला होता. पोरं रस्त्यावर पालथी पडून चित्रं काढत होती. एक रिटायर्ड मास्तर सापशिडीच्या चौकटीत उड्या मारत होते. कोपऱ्यात चार कॉलेजची पोरं गिटार वाजवत होती, आणि त्यांच्यापुढे भाजीच्या पिशव्या घेऊन बायका थांबल्या होत्या. फुकटचं म्हटल्यावर लोक आधी हसायला बिचकतात, मग थांबत नाहीत.

भागाबाई रिक्षातून उतरल्या आणि सरळ घराकडे निघाल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डांगर. दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवायला हात वर केला तोच नवल धावत आला.

"अक्का, आधी गाणं. पाहुणे येऊन बसलेत."

"घागर भराई गयी का रे?"

"भरतील, भरतील. तू आधी स्टेजकडे चल." त्याने पिशवी आणि डांगर त्यांच्या हातातून घेतलं आणि साउंडच्या टेबलाखाली सरकवलं.

त्यांना एका खुर्चीवर बसवलं. संस्थेची एक हसरी मुलगी, हातात यादी, त्यांच्यापाशी वाकली.

"आजी, तुमची गाणी दहाला. मग शाल आणि नारळ. तुमची परतीची गाडी साडेअकराला तिथे, बँकेपाशी उभी राहील. जेवणाचं पाकीट गाडीत ठेवलंय."

"परतीनी?"

"हो ना, असोद्याला. नवलभाऊंनीच सांगितलंय."

ती मुलगी पुढच्या नावाकडे गेली. भागाबाई बसून राहिल्या. मांजराला चार दिवस दूध टाक, असं आपण शेजारणीला सांगून आलो, हेच त्यांना सगळ्यात आधी आठवलं. आज दुपारीच परत जायचं म्हणजे तिच्या ओट्यावरून जावं लागणार. काय सांगायचं तिला? भावाने जेवायच्या आधी परत धाडलं?

रूपा समोर आली. अक्कांच्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

"तुले माहीत व्हतं?"

रूपाने मान खाली घातली.

"तू तरी सांगती, बेटा," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्या पोऱ्याले मी वळखस. पन तू मना घरमा ऱ्हायनी."

"अक्का, मला वाटलं, तू इथे गाशील तर नाना..."

"मी आठे भीक मांगू? झोकावर बशीसन?"

"तसं नाही अक्का..."

"तसंच शे," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. "चाल. दहा वाजनात."

*

झोक्यावर बसताच त्यांनी दोर धरला आणि वर पाहिलं. पोत्याचं फडकं, दुहेरी फेरा, उलटी गाठ. ही गाठ त्यांच्या बापाची. ती पृथ्वीवर आता एकाच माणसाला येत होती, आणि तो वीस पावलांवर बंद दारामागे बसला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. पहाटे उठून झाडावर चढायला त्याला जमलं, कडी काढायला जमलं नाही. आतापर्यंत भागाबाईंना वाईट वाटत होतं, आता मात्र त्यांना संताप आला.

झोक्याभोवती कॉलेजच्या तीस पोरी भाड्याच्या नऊवारीत उभ्या होत्या. अक्कांनी एक ओळ म्हणायची आणि पोरींनी ती मागून म्हणायची. आखाजीची गाणी अशीच म्हणतात. नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहून एकमेकींना अशाच गाण्यांतून शिव्या घालतात, आणि त्या दिवशी कोणी कोणाचा राग धरायचा नसतो.

"पल्याड गावना पाटील मिशीले लावस तूप,
घरमा नही दाना वं बाई, हातमा रिकामं सूप."

पोरींनी उचललं. चौक हसला. पाहुण्यांनी नवलच्या पाठीवर थाप मारली. अक्कांचा आवाज बहात्तराव्या वर्षीही असा होता, की कॅरमवाले सोंगट्या सोडून आले. मग त्यांनी चाल बदलली.

"गाडी उनी वं गाडी उनी, गाडीमा नही मना भाऊ,
कोना संगे वं माय, मी माहेरले जाऊ?"

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदराने डोळे पुसले. त्यातल्या एकीने मागे वळून बंद दाराकडे बोट दाखवलं, आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ते बोट वरच्या खिडकीतून भिकुबाईने पाहिलं.

ती जवळजवळ धावतच आतल्या खोलीत गेली. चुडामण घागरीसमोर बसला होता. घागर भरलेली, वर बाजारचं डांगर. गाण्याचा शब्दन्‌शब्द त्याला ऐकू येत होता.

"ऐकतस का? उठा. तिले घरमा बलावा."

"आते?" त्याने वर पाहिलं. "सकायले तर तू..."

"लोके बोट दखाडी ऱ्हायनात! आपलं दार दखाडतस. पोऱ्यानं तिकीट जाई. उठा!"

ज्या गोष्टीसाठी तो अकरा वर्षं कोणीतरी आपल्याला ढकलावं म्हणून बसला होता, ती बायकोने लोकलाजेपायी सांगितली. कारण कोणतंही असो, त्याला उठायला निमित्त मिळालं. त्याने टोपी घातली. त्याला खरोखर वाटलं, की अक्का आत येईल, बापाच्या घागरीसमोर बसेल, दोन शब्द बोलेल, आपण ऐकून घेऊ. एवढंच तर होतं.

दार उघडलं. सगळा चौक तिकडे वळला. चुडामण पायऱ्या उतरून झोक्यापासून चार हातांवर थांबला.

"अक्का," तो म्हणाला. "घरमा चाल."

भागाबाईंनी झोका पायाने थांबवला. अकरा वर्षांनी त्या भावाला पाहत होत्या. म्हातारा झाला होता. गालफडं आत गेली होती. त्यांचे हात दोरावरून सुटले, त्या उठणारच होत्या.

एवढ्यात नवल माइक घेऊन पुढे घुसला. "नाना, माइकवर बोला! भाऊ बहिणीला घरात बोलावतोय! अरे, फोटो घे, फोटो! साहेब, तुम्ही इकडे या, मध्ये."

पाहुणे येऊन भावाबहिणीच्या मध्ये उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या. दारात भिकुबाई डोक्यावर पदर घेऊन, हसून, फोटोत येईल अशी उभी राहिली. चुडामणने नवलला दूर केलं नाही. तो माइककडे पाहत राहिला. मग, इतक्या लोकांसमोर आता काय करायचं अशा चेहऱ्याने, त्याने तेच वाक्य माइकवर पुन्हा म्हटलं.

"अक्का, घरमा चाल."

भागाबाईंनी पुन्हा दोर धरला. झोका हलला. आणि त्याच चालीत, भावाच्या डोळ्यांत पाहत, त्यांनी ओळ घातली.

"जित्ता जीवले दार बंद, आते उघडू नको,
मरसू तवय रे भाऊ, लुगडं आनू नको."

माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय आमच्याकडे मेलेल्या बाईला उचलत नाहीत. कितीही वैर असो, त्या दिवशी भाऊ लुगडं घेऊन येतोच, आणि तोपर्यंत प्रेत दारात ठेवतात. सगळं तुटलं तरी तेवढं राहतं. ते अक्कांनी आता तोडलं.

जुन्या बायका एकदम गप्प झाल्या. पण तीस पोरींना कुठलं लुगडं आणि कुठलं काय? त्यांना ओळ मिळाली होती. त्यांनी हसत हसत टाळ्यांवर ती उचलली.

"मरसू तवय रे भाऊ, लुगडं आनू नको!"

रूपाने धावत पुढे येऊन हात वर केला, थांबा म्हणून. पोरींना वाटलं मॅडम आवाज वाढवायला सांगताहेत. त्यांनी आवाज वाढवला. गिटारवाल्या पोरांनी ठेका धरला, ढोलकी आली, लहान पोरं रंगाने माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवू लागली. रूपा ओरडत होती, "बंद करा, बंद करा!" आणि तिचा आवाज तिच्याच चौकात कोणाला ऐकू येत नव्हता. अक्का झोक्यावरून उतरल्या आणि मागे न पाहता बँकेच्या दिशेने चालू लागल्या, हात रिकामे.

 चुडामण तिथेच रस्त्यावर, सापशिडीच्या चौकटीत बसला. शेजारी मांडी घालून बसलेल्या एका अनोळखी माणसाने सरकून त्याला जागा करून दिली, आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "म्हना ना बाबा, म्हना. फुकट शे."